हाडावरची खूण आणि गोदाकाठचा थर

लाखो वर्षांपूर्वीच्या एखाद्या हाडावर दगडी पात्याने कापल्याच्या खुणा सापडल्या, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येत असते. मथळा जवळजवळ ठरलेला असतो: आपण समजत होतो त्याहून इतकी लाख वर्षे आधी माणूस मांस खात होता, किंवा हत्यारे वापरत होता, किंवा हे सारे सर्वप्रथम आपल्याच देशात घडत होते. आपण क्षणभर थक्क होतो आणि पान उलटतो. या खुणांच्या अभ्यासातून नाशिककरांनी घ्यावी अशी गोष्ट त्या मथळ्यात नसते, असे माझे मत आहे. ती असते ते हाड ज्या मातीत पडून होते त्या मातीच्या थरात. थर हातचा गेला की खूण कितीही ठसठशीत असली तरी पुरावा म्हणून तिची किंमत फार थोडी उरते. गोदावरी, दारणा आणि कादवा या नद्यांच्या काठचे जुने थर आज वाळूउपशाने, खोदकामाने आणि बांधकामाने झपाट्याने नाहीसे होत आहेत. म्हणून नदीकाठच्या प्रत्येक मोठ्या सार्वजनिक कामात खोदाई झाल्यानंतर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी उघड्या पडलेल्या थरांची जाणकाराकडून पाहणी व नोंद होणे बंधनकारक असले पाहिजे, अशी माझी मागणी आहे.

मागणी समजण्यासाठी आधी खूण समजली पाहिजे. मांस कापताना दगडी पात्याची धार हाडाला लागली की पृष्ठभागावर बारीक चर उमटतो आणि त्याचा छेद साधारणपणे तळाशी निमुळता होत जातो. पोलादी सुरीची धार सलग असल्यामुळे तिचा चर स्वच्छ असतो. दगडी पात्याची धार ओबडधोबड असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली मुख्य चराच्या आत त्याच दिशेने धावणाऱ्या कितीतरी बारीक रेषा दिसतात, आणि पात्याचा एखादा उंचवटा कडेला घासला असेल तर चराला लागून आणखी एक फिकट रेघ पडलेली असते. तरस किंवा सिंह यांच्या दाताची खूण रुंद आणि बुडाशी गोलसर असते, शेजारी दाबाने पडलेले खळगेही असतात. साळिंदराने कुरतडलेल्या हाडावर पटाशीच्या दातांचे चपटे, एकमेकांना खेटून असलेले चर दिसतात. झाडांच्या मुळांनी पडलेल्या खुणा वेड्यावाकड्या, फाटे फुटल्यासारख्या असतात, कारण तिथे पृष्ठभाग कापला जात नाही, मुळांलगतच्या आम्लामुळे तो विरघळतो. सर्वांत फसवी असते ती तुडवणुकीची खूण. वाळू-खड्यांत पडलेल्या हाडावरून जनावरांचा कळप गेला की टोकदार खडे हाडावर घासतात आणि त्यांचे ओरखडे पात्याच्या खुणेची बेमालूम नक्कल करू शकतात. ॲना बेहरेन्समायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही गोष्ट प्रयोगाने दाखवून दिली, आणि नुसत्या एका चराचा आकार पाहून निकाल देण्याची सोय त्यानंतर कोणालाही उरली नाही.

आकाराइतकीच महत्त्वाची असते खुणेची जागा. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहून हे कोणालाही पाहता येते. मांडीचे मांस सोडवताना मुरलेला खाटीक सुरी हाडाच्या कडेने अशी फिरवतो की धार हाडाला जवळजवळ लागतच नाही, कारण लागली तर ती बोथट होते आणि पुढच्या गिऱ्हाइकाआधी पुन्हा परजावी लागते. सांध्यापाशी मात्र त्याचा इलाज नसतो. तिथले चिवट स्नायुबंध तोडण्यासाठी सुरीचे टोक आत घालावेच लागते आणि हाडाच्या टोकावर आडवे, आखूड चरे उमटतात. शेवटी तो सत्तूर उचलतो आणि आतल्या मगजासाठी नळी फोडून देतो. प्राचीन हाडांचे वाचनही याच धर्तीवर होते. खुणा सांध्यांपाशी असतील तर शरीराचे भाग सुटे केले गेले, लांब हाडाच्या मधल्या भागावर असतील तर मांस सोलून काढले गेले, कवटीवर आणि पायांच्या खालच्या हाडांवर असतील तर बहुधा कातडे उतरवले गेले, आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूला असतील तर आतडी-काळीज काढले गेले. हे शेवटचे अनुमान विशेष मोलाचे आहे, कारण मेलेल्या जनावराची आतडी श्वापदे सर्वांत आधी संपवतात. तिथे पात्याची खूण असेल तर माणूस लवकर पोहोचला होता. खुणांची संख्या मात्र फारसे काही सांगत नाही. कसबी हात थोड्या खुणा ठेवतो आणि नवखा हात पुष्कळ, त्यामुळे अधिक खुणा म्हणजे अधिक मांस हा हिशेब चुकीचा ठरतो.

या शास्त्राला आजचे रूप आले ते टांझानियातील ओल्डुवाई घळीमुळे. मेरी लीकी यांनी १९५९ मध्ये तिथे एका प्राचीन मानवसदृश प्राण्याची कवटी शोधली आणि त्याच जागेच्या उत्खननात सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीची जनावरांची हाडे व दगडी हत्यारे एकत्र मिळाली. हाडे आणि हत्यारे शेजारी आहेत म्हणजे माणसाने शिकार केली, असे त्या वेळी सहज गृहीत धरले गेले. दोन दशकांनी, १९८१ मध्ये, हेन्री बन यांनी एका निबंधात आणि रिचर्ड पॉट्स व पॅट शिपमन यांनी दुसऱ्या निबंधात तिथल्या हाडांवर दगडी पात्याच्या खुणा असल्याचे दाखवले. पण त्याच हाडांवर श्वापदांचे दातही उमटलेले होते, आणि काही ठिकाणी एका खुणेवर दुसरी चढलेली होती. दाताची खूण खाली आणि पात्याची वर असेल तर माणूस मागाहून आला. उलट असेल तर श्वापद मागाहून आले. लुईस बिनफर्ड यांनी याच सुमारास मांडले की आपला हा पूर्वज शिकारी वगैरे काही नव्हता, सिंह-तरसांनी सोडलेल्या सांगाड्यावरचे उरलेसुरले खाणारा होता. बन यांना ते पटले नाही. वाद चार दशकांहून अधिक काळ चालला आहे आणि त्याचे पारडे अलीकडे माणूस मांसापर्यंत लवकर पोहोचत होता या बाजूला झुकले आहे, असे मला वाटते. महत्त्वाचे हे की वाद पुढे सरकू शकला तो उत्खननात प्रत्येक हाडाची जागा आणि थर नोंदलेला होता म्हणून. नव्या पिढीचा अभ्यासक नवा प्रश्न घेऊन त्याच हाडांकडे परत जाऊ शकला.

जिथे तशी नोंद नसते किंवा असूनही अपुरी पडते, तिथे काय होते याचे उदाहरण इथिओपियातील डिकिका हे आहे. तिथे मिळालेल्या दोन हाडांवर पात्याच्या खुणा असून ती निदान ३३.९ लाख वर्षे जुनी आहेत, असे २०१० मध्ये जाहीर झाले. हा दावा खरा असेल तर दगडी पात्याचा वापर आपल्या ‘होमो’ या कुळाच्याही आधी, इथिओपियातच सापडलेल्या ‘लूसी’ या प्राचीन मानवसदृश सांगाड्याच्या जातीपर्यंत मागे जातो. पण हाडे जमिनीच्या पृष्ठभागावर मिळाली होती आणि सोबत हत्यारे नव्हती. त्याच वर्षी मान्वेल दोमिंगेझ-रॉद्रिगो आणि सहकाऱ्यांनी या खुणा तुडवणुकीच्या असल्याचा आक्षेप घेतला, आणि २०१७ मध्ये आणखी एका गटाने मगरीच्या दातांनी अशाच खुणा होऊ शकतात हे दाखवले. मूळ संशोधकांनी आपला दावा सोडलेला नाही. हे सर्वजण आपापल्या विषयातले मातब्बर आहेत. सूक्ष्मदर्शक सर्वांकडे उत्तम आहेत. तरीही दोन हाडांवर एकमत होत नाही, कारण खुणेच्या आकाराने जेवढे सांगण्यासारखे होते तेवढे सांगून झाले आहे. याउलट त्याच देशातील बौरी येथील सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांविषयी इतकी खडाजंगी होत नाही. तिथे हरणवर्गीय प्राण्याच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, जीभ कापताना जिथे धार लागेल नेमक्या त्या जागी, खुणा आहेत.

आपल्याकडेही हेच घडले. चंदीगडजवळ शिवालिकच्या टेकड्यांमधील मसोल येथे मिळालेल्या मोजक्या हाडांवर सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीच्या पात्याच्या खुणा असल्याचा दावा एका भारतीय-फ्रेंच गटाने २०१६ मध्ये केला. देशभर बातम्या झाल्या. पण तिथली हाडेही धुपीने उघडी पडलेल्या जमिनीवरून वेचलेली होती, आणि त्यामुळे ती नेमक्या कोणत्या थरातली, खुणा केव्हाच्या, या प्रश्नांपाशी चर्चा अडून राहिली. त्या मानाने काश्मीरमध्ये पांपोरजवळच्या गलांदर येथील शोध कमी गाजला, पण मला तो अधिक भरवशाचा वाटतो. तिथे २००० साली प्राचीन हत्तींचे अवशेष आणि ८७ दगडी हत्यारे एकाच ठिकाणी मिळाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार काळ साधारण तीन ते चार लाख वर्षांपूर्वीचा निघतो, आणि मगजासाठी हाडे फोडताना उडालेल्या हाडांच्या ढलप्याही तिथे आहेत. हत्ती माणसांनी मारला की मेलेला सापडला, हे मात्र संशोधक सांगत नाहीत. जेवढे थराने सांगितले तेवढेच ते सांगतात, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन आहे.

आता गोदावरीकडे येऊ. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया यांना नाशिकजवळ गंगापूर येथे नदीच्या दगडगोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली आणि त्यांवरचा त्यांचा प्रबंध १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. त्याच्या कितीतरी आधी, १८६० च्या दशकात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. विन यांना पैठणजवळ मुंगी येथे जीवाश्म देणाऱ्या थरात अकीकाचा घडीव छिलका मिळाला होता. भारतात अश्मयुग होते हे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मद्रासजवळ पल्लावरमला १८६३ मध्ये दाखवून दिले, त्यानंतर लवकरच ही भर पडली. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर आज पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. पण त्याच परिसरातील जुन्या गाळात प्राचीन हत्तीची कवटी मिळाली होती आणि गाय पिलग्रिम यांनी तिचे वर्णन १९०५ मध्येच प्रसिद्ध केले आहे. म्हणजे हत्यारेही आहेत आणि हाडेही आहेत. एकाच थरात, शेजारीशेजारी, खुणेसह ती मिळाली तर महाराष्ट्रातल्या आद्यमानवाच्या जगण्याविषयी आपण पहिल्यांदा ठामपणे काही बोलू शकू. नुसत्या हत्यारांवरून त्याला हातकुऱ्हाड घडवता येत होती एवढेच कळते. तिने त्याने काय केले, हे हाडच सांगू शकते.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गोदावरीचे जुने थर मुख्यतः नदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचे आणि वाळूचे आहेत. अशा थरातले हाड पुरात लोळलेले असते, खड्यांवर घासलेले असते, पाणवठ्यावर येणाऱ्या कळपांनी तुडवलेले असते; नकली खुणा उमटण्याची सारी परिस्थिती तिथे तयार असते. त्यामुळे उद्या कोणी नदीपात्रातून उचललेले जीवाश्म हाड घेऊन आले आणि त्यावर चार रेघा दाखवून नाशिकचा आद्यमानव गवसल्याचे सांगू लागले, तर मी विश्वास ठेवणार नाही आणि कोणी ठेवू नये. हाड किती लोळले, त्याच्या कडा किती झिजल्या, आजूबाजूचे खडे किती टोकदार होते, थर संथ पाण्यातल्या गाळाचा की पुराच्या लोंढ्याचा, ही माहिती हाडासोबत आली तरच खुणेविषयी बोलता येते. गुन्ह्यातला सुरा सापडला, पण पंचनामाच झाला नाही, तर वकील त्याचे काय करतो ते आपण जाणतोच.

यावर कोणी म्हणेल की संग्रहालयात पडलेल्या जुन्या हाडांतूनही मोठे शोध लागतात, मग थराचा एवढा आग्रह कशाला? उदाहरण खरे आहे. मेरी लीकी यांनी १९७० मध्ये केनियात शोधलेले नडगीचे एक हाड नैरोबीच्या संग्रहालयात अर्धशतक होते. श्वापदांच्या दातांच्या खुणा शोधत असताना ब्रियाना पोबिनर यांना त्यावर वेगळ्या खुणा दिसल्या. त्यांच्या गटाने २०२३ मध्ये जाहीर केले की अकरा खुणांपैकी नऊ दगडी पात्याच्या आणि दोन बहुधा सिंहाच्या दातांच्या आहेत. हाड मानवसदृश प्राण्याचे होते, वय १४.५ लाख वर्षे. म्हणजे कोणीतरी आपल्यासारख्याच कोणाचे तरी पोटरीचे मांस सोडवले होते. परंतु हाड कुठे मिळाले याची नोंद होती म्हणूनच हे वय सांगता आले. तीच नोंद नसती तर उरले असते केवळ एक कुतूहलाचे हाड. संग्रहालय थराचा पर्याय होऊ शकत नाही. थराची नोंद जपणारी जागा होऊ शकते.

नाशिकला हा प्रश्न आज तातडीचा आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट, पूल, रस्ते, वाहिन्या यांची कामे नदीकाठी होत आहेत, आणि ती व्हायलाच हवीत. लाखो भाविकांच्या सुरक्षिततेशी त्यांचा संबंध आहे. वाळूचेही तसेच. राज्याने २०२३ च्या धोरणात सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरवले, कारण घर बांधणाऱ्याला ती लागते. उपशाच्या चर्चेत पाण्याची पातळी, पुलांचे पाये आणि महसूल यांविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. उपशासोबत काही लाख वर्षांची कागदपत्रेही ट्रॅक्टरमध्ये भरली जातात, हे मात्र कोणाच्या अहवालात येत नाही. कायद्याची स्थितीही मोठी गमतीची आहे. शेतात मोहरांचा हंडा सापडला तर १८७८ च्या भारतीय निखातनिधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, कारण तो मोलाचा ऐवज आहे. शेततळे खोदताना हत्तीचा अश्मीभूत दात निघाला तर शेतकऱ्याने कोणाकडे जावे हे तलाठ्यालाही सांगता येत नाही. पुरातत्त्वाचे केंद्राचे आणि राज्याचे कायदे आहेत, पण व्यवहारात ते देवळे, लेणी, किल्ले आणि जुन्या वस्त्यांची पांढरीची टेकाडे यांच्याभोवती फिरतात. नदीच्या उघड्या काठाला स्मारक मानायची आपल्याला सवय नाही.

नाशिकमध्ये तरी ती लागायला हरकत नव्हती. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये इथल्या जुन्या मातीच्या गढीवर आणि जोर्वे येथे केलेल्या उत्खननातून महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाचे चित्र उभे राहू लागले. पुढे इनामगावला, वर्षानुवर्षे चाललेल्या शिस्तशीर उत्खननात, घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या प्रौढांचे घोट्याखालचे पाय तोडलेले असल्याचे आढळले. मृताने परत येऊ नये म्हणून तसे केले असावे, असा उत्खननकारांचा कयास. तो बरोबर असो वा नसो, प्रश्न विचारता आला याचे कारण सांगाडे जागच्या जागी, दिशेसह आणि भोवतालच्या भांड्यांसह नोंदले गेले. यंत्राच्या फावड्याने वर आलेल्या सांगाड्याच्या पायांविषयी कोणी काही बोलू शकला नसता.

यंत्राचा मुद्दा तर अधिकच गंभीर आहे. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये महामार्गाच्या कामात मॅस्टोडॉन या हत्तीच्या नातलगाची हाडे मिळाली. ती सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वी माणसांनी फोडली, असा दावा २०१७ मध्ये झाला; तो मान्य झाला तर अमेरिकेत माणूस पोहोचल्याचा काळ कैक पटींनी मागे जाईल. टीकाकारांचे म्हणणे असे की वरून फिरलेल्या अवजड यंत्रांनीही हाडे अशीच फुटू शकतात. तिथे निदान जीवाश्मतज्ज्ञ कामावर हजर होते आणि जागेचे नकाशे काढलेले होते, तरी वाद मिटला नाही. आपल्याकडे जेसीबीच्या दातांनी निघालेल्या हाडाबद्दल वाद घालण्याइतकेही साहित्य हाती राहत नाही.

या मागणीमुळे कामे रखडतील, हा नेहमीचा आक्षेप आहे आणि कंत्राटदाराच्या बाजूने पाहिले तर तो चुकीचाही नाही. फ्रान्सने २००१ च्या कायद्याने बांधकामापूर्वीचे पुरातत्त्वीय काम नियमबद्ध केले आणि त्याचा भार विकासकावर टाकला. तेवढी यंत्रणा आज नाशिकला पेलणार नाही, आणि ती मी मागतही नाही. पायाचा खड्डा उघडा असतो त्या काळात एक भूशास्त्राचा किंवा पुरातत्त्वाचा पदव्युत्तर विद्यार्थी तिथे जाऊन थरांचे मापपट्टीसह छायाचित्र घेऊ शकतो, खोली आणि स्थान लिहू शकतो, हाड दिसले तर ते न उपटता वरिष्ठांना कळवू शकतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राण्यांच्या प्राचीन हाडांच्या अभ्यासाची चांगली परंपरा आहे, नाशिकच्या महाविद्यालयांत भूगोल व भूशास्त्र शिकवले जाते, सरकारवाड्यात राज्याचे संग्रहालय आहे. कंत्राटाच्या अटींत एक कलम आणि कामाच्या देयकात एक छोटी रक्कम एवढ्याने सुरुवात होऊ शकते. वाळूघाटाचा लिलाव करतानाही काठाच्या कापलेल्या भिंतीचे वर्षातून एक छायाचित्रण मागता येईल. महसूल खाते उपशाच्या मोजणीसाठी तिथे जातेच.

आणखी एक शंका बाकी आहे, आणि मला तीच सर्वांत प्रामाणिक वाटते. एवढे करून काहीच मिळाले नाही तर? बहुतेक खड्ड्यांत काहीही मिळणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. हाड टिकायला विशिष्ट प्रकारची माती लागते. चुनखडीने बांधलेल्या गाळात ते टिकते, सतत धुतल्या जाणाऱ्या भरड वाळूत बहुधा विरून जाते. कोणता थर किती खोलीवर, कुठवर पसरला आहे आणि त्यात हाडे टिकतात की नाही, याचा नकाशा मात्र अशा रिकाम्या खड्ड्यांच्या नोंदींतूनच तयार होतो. गंगापूरपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंतच्या काठाचा तसा नकाशा हाती आला तर पुढचे उत्खनन कुठे करायचे हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही, आणि कुठला काठ काँक्रीटखाली गेला तरी चालेल हेही अभियंत्यांना आधीच सांगता येईल.